कुंदा, तुझ्या कादंबरीतली सुकेळी

कुंदे,

आज सकाळी माझा चहा झाला, धुणं वाळत घातलं, दूधवाला येऊन गेला, तरी फोन वाजला नाही. तुमच्या गिरीज गावात रेंज गेली असेल म्हणून मी मूर्खासारखी फोन हातात घेऊन बसले होते. मग आठवलं. तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही, सवय कुठली मोडायला! चिडले मी तुझ्यावर. आजारपणात एवढी निरवानिरव केलीस, कपाटं आवरलीस, पुस्तकं वाटून टाकलीस, पण ह्या सकाळच्या फोनचं मी काय करायचं, ते नाही सांगून गेलीस.

बातमी होती गं आज. अगदी तुझ्या आवडीची. परदेशात कुठल्याशा लेखकाने स्वतःच्याच कादंबरीवर दोन टोपणनावांनी दोन परीक्षणं लिहिली. एकात स्वतःला डोक्यावर घेतलं, दुसऱ्यात झोडपलं. पकडला गेला तो झोडपणाऱ्या परीक्षणामुळे, कारण ते कादंबरीपेक्षा चांगलं लिहिलेलं होतं. खोकल्याची उबळ येईपर्यंत हसली असतीस तू. मी पेपर उघडा ठेवून एकटीच हसले आणि मग काय, रडलेच.

लोकांना सकाळी राशिभविष्य लागतं, तुला पुस्तकवाल्यांची भांडणं लागायची. "शुभे, ऐकलंस का?" अशी सुरुवात. कुठल्या संमेलनात कोण कुणाच्या शेजारी बसायला तयार नाही. कुणी पुरस्कार नाकारला आणि शाल तेवढी हळूच ठेवून घेतली. कुठल्या गावाने कादंबरीवर बंदी घातली आणि मागाहून कळलं, की त्या गावात कादंबरीची एकही प्रत कधी आली नव्हती. एका प्रकाशकाकडे बांधणीत दोन कादंबऱ्यांची शेवटची प्रकरणं अदलाबदल झाली आणि तक्रार एकाच वाचकाची आली, तीही अक्षर बारीक आहे म्हणून. ही तुझी सगळ्यात लाडकी. किती वेळा सांगितलीस!

"पुस्तकावरून माणसं भांडतात म्हणजे वाचतात तरी," असं तू म्हणायचीस.

"डोंबल वाचतात," मी म्हणायची. "न वाचताच भांडतात."

त्यावर तू एरवी काहीतरी फटकन बोलायचीस. पण गेली काही वर्षं ह्या वाक्यावर गप्प व्हायला लागली होतीस. तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. मी प्रुफं तपासणारी, आयुष्य लाल पेनात गेलेलं. तुझ्या पहिल्या कथासंग्रहाची प्रुफं प्रकाशकाने माझ्याकडे पाठवली होती. छापायच्या आधीच तू स्कूटरवरून गिरीजहून माझ्या फ्लॅटवर थडकलीस. ना ओळख ना पाळख, दारातूनच सुरू. "माझ्या गोष्टीतली बाई अर्धवट बोलते. तिला पुरं वाक्य बोलायला लावणारी शहाणी कोण?" मी म्हटलं, मीच ती शहाणी, आत या. आत येऊन बसलीस आणि पर्समधून केळीच्या सुक्या पानात बांधलेली एक लांबट पुडी काढलीस. "हे खा आणि मग भांड." आत सुकेळी होती. राजेळी केळी वाळवून केलेली, गडद, मऊ, मधासारखी. मी मूळची राजापूरची, गोडाधोडात कुणाला ऐकणारी नाही, पण ती खाल्ली आणि भांडायचं विसरले.

"तू केलीस?"

"वहिनीने. मी हाताखाली होते," तू म्हणालीस, आणि 'हाताखाली' हा शब्द तू असा म्हणालीस, की जणू कुठली पदवीच मिळवली होतीस.

सुलभावहिनी, तुझी मोठी जाऊ. तू घाटावरून आलेली, साताऱ्याकडची, शिकलेली, शाळेत मास्तरीण. केळीचा कोका, म्हणजे केळफूल, भाजीला लागतो हेसुद्धा तुला लग्नानंतर कळलं. वहिनी फारशा शिकलेल्या नाहीत, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण वाडीतलं सगळं त्यांनी तुला हाताला धरून शिकवलं. त्या घराची सुकेळी निर्मळपासून वसईपर्यंत नावाजलेली. रीत घराबाहेर जायची नाही. लेकींनासुद्धा नाही, कारण लेकी दुसऱ्याच्या घरी जातात. फक्त सुनेला सांगायची. तू मला पहिल्याच वर्षी बजावलं होतंस, "शुभे, बाकी काहीही विचार, पण हे विचारू नकोस." मी कशाला विचारतेय? मला साधा शिरा नीट जमत नाही.

मग तुझी कादंबरी आली. प्रुफं मीच तपासली. त्यात एका वाडीतल्या दोन जावा, त्यांचे रुसवेफुगवे, वाळत घातलेल्या केळ्यांना राखत बसलेली दुपार. आणि मधोमध ते एक पान, ज्यात मोठी जाऊ धाकटीला सुकेळी करायला शिकवते. पूर्ण पिकलेली केळी सोलायची, मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवायची, मग न झाकता उघड्या उन्हात घालायची, असं सगळं पद्धतशीर. मला ते पान फार आवडलं होतं. त्यातलं एक वाक्य मी प्रुफात वाचताना मोठ्याने म्हटलं होतं, "मिठाचं पाणी किती खारट? आपल्या समुद्राएवढं." वाटलं, काय लिहिते ही बया!

गावात पुस्तक पोचायच्या आधी गवगवा पोचला. देवळाच्या ओट्यावर कुणीतरी बोललं, की कुंदाने घरची रीत छापून बाजारात मांडली. ते वहिनींच्या कानावर गेलं. तू पेढे आणि पुस्तक घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेलीस. पेढ्यांना हात न लावता त्या म्हणाल्या, "शेवटी बाहेरचीच तू." बस, एवढंच. तेव्हापासून एका घरात दोन चुली झाल्या. ओटा एकच, पण त्या एका टोकाला बसायच्या आणि तू दुसऱ्या. दोघींचे नवरे पुढेमागे गेले, तेव्हासुद्धा दोघी आपापल्या टोकाला रडलात. तुमच्या केळीचे घड निघाले की एक घड तुझ्या दाराशी यायचा, पण आणून ठेवणाऱ्या वहिनी तोंड उघडायच्या नाहीत. तू लिहिलेलं पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही. कुणी त्यातलं काही सांगायला लागलं तर उठून जायच्या.

वर आणखी एक तमाशा झाला. पुण्याच्या एका बाईंनी तुझ्या कादंबरीतलं पान बघून सुकेळी करायला घेतली. केळी बुळबुळीत झाली, मग त्यांना बुरशी आली. बाईंनी फोटो काढून फेसबुकवर टाकला. आणखी चार जणींनी करून बघितली, त्यांचीही तीच गत. पेपरात चौकट आली, 'कादंबरीतली केळी सडली'. खाली कुणा समीक्षकाने ताशेरे ओढले, की हल्लीच्या लेखिका माहिती न घेता लिहितात, मातीशी नातं राहिलेलं नाही वगैरे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा बातम्या मला फोनवर वाचून दाखवणारी तू, आता स्वतःच बातमी झाली होतीस. ती चौकट कापून तू फ्रिजवर लावलीस. हसत होतीस, पण तुझे ओठ कोरडे पडलेले मी बघितले होते.

कारण ते वहिनींपर्यंतही गेलं होतं. आधी राग होता, की घरचं बाहेर सांगितलं. आता त्यात भर पडली, की सांगितलं तेही चुकीचं, घराचं नाव घालवलं. "माझ्या बाजूला बसून एवढी वर्षं हिने काय बघितलं?" असं त्या शेजारणीला म्हणाल्या, तुला ऐकू जाईल अशा बेताने.

मी हात धुऊन मागे लागले तुझ्या. दुसरी आवृत्ती निघत होती. म्हटलं, कुंदे, चूक आहे ना? मग दुरुस्त करू. दोन ओळींचं काम आहे. तू म्हणालीस, "नको. त्या पानावरचं एक अक्षर हलवायचं नाही." मी म्हटलं, अगं लोक हसतायत तुला. "हसू देत." वहिनी रागावल्यात. "मग वहिनीने वाचावं." त्या वाचणार नाहीत. "तर मग राहू दे." भिंतीशी बोलल्यासारखं! मी एकदा चिडून म्हटलं, तुला चूक कबूल करायला कमीपणा वाटतो, लेखकू झालीस तू. तू माझ्या कपात चहा ओतलास.

आणि त्या पुण्याच्या बाईंना तू काय पाठवलंस? माफीच्या दोन ओळी आणि स्वतः केलेल्या सुकेळीची पुडी. त्यातली एक मला दिली होतीस. वहिनींच्या हातची आणि तुझ्या हातची डोळे मिटून ओळखायला सांगितली असती, तर मला सांगता आलं नसतं. म्हणजे तुला येत होती गं करायला, बिनचूक येत होती! दुसऱ्याच्या लिखाणात हरवलेली वेलांटी शोधणारी मी, माझ्या जिभेवर उत्तर होतं आणि मला प्रश्नसुद्धा पडला नाही. खाल्ली, बोटं चाटली आणि पुन्हा दुरुस्तीचं टुमणं लावलं.

हॉस्पिटलातही तेच. बोलताना तुला धाप लागत होती, तरी आपलं भांडण चालूच. मी म्हटलं, वहिनींना बोलावते, मिटवून टाका आता. तू म्हणालीस, "बोलावू नकोस. आजारी म्हणून येईल, कीव करेल. मला कीव नको." मग काय हवंय? "तिने ते पान वाचावं." आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, लेखिकेचा हट्ट, शेवटपर्यंत वाचक हवाय बाईला. मी उत्तर देणार होते, तेवढ्यात नर्स आली. ते उत्तर तसंच राहिलं माझ्याकडे. आता ते चुकीचं होतं हेही कळलंय, म्हणजे आणखीनच पंचाईत.

तू गेल्यावर तुला घरी आणलं तेव्हा वहिनी ओट्याच्या त्यांच्या टोकावरून उठल्या. तुझ्या टोकाला आल्या. तुझ्या कपाळाला कुंकू लावायचं की नाही, यावर बायकांची कुजबुज चालली होती. वहिनींनी कुणाला विचारलं नाही, लावलं. बोलल्या मात्र नाहीत, रडल्या नाहीत. मला राग आला होता त्यांचा. मनात म्हटलं, आता कशाला आलात?

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी माझ्या वाटणीची तुझी पुस्तकं न्यायला गेले होते. वहिनी तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिने काय लिवलंय ते वाच. मला चष्म्याने बारीक दिसत नाय." मी ते पान काढलं. वाटलं, आता ह्या ऐकतील आणि गेलेल्या माणसालाही चार शब्द सुनावतील. मी वाचायला लागले. पिकलेली केळी सोलायची. मिठाच्या पाण्यात ठेवायची. झाकायची नाहीत. वहिनी सरळ झाल्या. "परत वाच." मी परत वाचलं. मी पुढचं वाक्य सुरू केलं, तर त्याच पुढे बोलायला लागल्या. शब्द न् शब्द तेच! पुस्तक माझ्या हातात, कधी न वाचलेलं पान त्यांच्या तोंडात.

"ही करायची रीत नाय," त्या म्हणाल्या. "ही सांगायची रीत."

मग त्यांनी मला सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. तुमच्या घरात सून आली की तिला दोन रीती शिकवतात. एक करायची. दुसरी, कुणी बाहेरच्याने विचारलं तर सांगायची. नाही म्हणून कुणाचं मन मोडायचं नाही, आलेल्याला प्रेमाने बसवायचं आणि सगळं व्यवस्थित सांगायचं, पण ही दुसरी रीत. वहिनींना त्यांच्या सासूने सांगितली होती, वहिनींनी तुला. तू छापलीस ती ही. सगळ्या महाराष्ट्राने विचारलं आणि तू त्या घराच्या सुनेने सांगायचं तेच सांगितलंस. वर्तमानपत्राने खोटं पाडलं, समीक्षकाने मातीचे धडे दिले, मी लेखकू म्हटलं, तरी तुझ्या तोंडून खरी रीत गेली नाही. आणि ही खोटी आहे असंही तू बोलू शकत नव्हतीस. ते वाचून ओळखेल असं माणूस जगात एकच होतं आणि त्या माणसाने पुस्तक उघडलं नाही.

वहिनी रडल्या गं. पाटावर बसून, पदर तोंडात कोंबून. "मी तिला बाहेरची बोल्ले. माझ्याहून घरची होती ती." मी त्यांच्याजवळ बसले. तुझ्या फ्रिजवर ती चौकट अजून तशीच होती.

थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी पुस्तकाच्या पानावर बोट ठेवलं. "ते समुद्राचं कुठे हाय? मिठाचं?" मी ओळ दाखवली. "हे मी नाय सांगितलेलं. सासूनेपण नाय. हे तिचं." आणि हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

माझ्यावरही जरा रुसून घेऊ दे. मला का नाही सांगितलंस? एवढी रोजची सकाळची मी, तुझं पानन् पान तपासलेली. घरी येऊन दोन दिवस मी तुझ्या फोटोशी बोलले नाही. मग हळूहळू पटलं, की मी त्या घराच्या बाहेरची आहे आणि तुझा शब्द माझ्यासाठीही मोडायचा नव्हता. ज्या मैत्रिणीने माझ्याजवळही जावेचं गुपित फोडलं नाही, तिने माझी किती गुपितं पोटात ठेवली असतील! जा, माफ केलं तुला. पण कबूल कर, वहिनींच्या बाबतीत तूही हट्टीपणा केलास. एकदा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली असतीस, वहिनी, ही सांगायची रीत आहे, तर ओट्याचं ते अंतर राहिलं नसतं. तू म्हणशील, विश्वास मागायचा नसतो. मी म्हणेन, मागावा लागतो गं कधीकधी, वेळ थोडा असतो. हे भांडण आपण चालू ठेवू.

हे सगळं लिहू का, म्हणून वहिनींना विचारलं. म्हटलं, लिहिलं तर तुमची सांगायची रीत खोटी होती हे सगळ्यांना कळेल. "कळू दे," त्या म्हणाल्या. "खोटी होती एवढंच कळेल. खरी कुणाला कळणाराय? लिव. ती घरची होती ते लिव."

प्रकाशकाचाही फोन येऊन गेला. तुझ्या स्मरणार्थ नवी आवृत्ती काढतायत. त्यांनी चाचरत विचारलं, ती केळ्यांची चूक ह्या वेळी तरी दुरुस्त करायची का? निदान एक तळटीप? प्रुफं माझ्या टेबलावर आली होती. लाल पेन हातात घेऊन मी ते पान सावकाश वाचलं आणि काही न खुणावता उलटलं. "त्या पानावरचं एक अक्षर हलवायचं नाही," मी त्यांना सांगितलं.

परवा गिरीजला गेले होते. वालीवच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले तुझे एक जुने विद्यार्थी सपत्नीक भेटायला आले होते. बाई मुंबईच्या, मनाने चांगल्या. वहिनींनी ताटलीत सुकेळी ठेवली, एक तुझ्या फोटोपुढे. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अय्या, किती छान! कशी करतात हो ही?"

वहिनींनी त्यांना जवळ बसवलं. पदर नीट केला आणि प्रेमाने, अगदी सगळं व्यवस्थित सांगायला लागल्या. केळी पूर्ण पिकू द्यायची. सोलायची. मिठाच्या पाण्यात ठेवायची. मी कपात तोंड घालून चहा पीत होते.

"पाण्यात मीठ किती?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी तुझ्या फोटोकडे बघितलं.

"आपल्या समुद्राएवढं," त्या म्हणाल्या.